गडद लालच्या पुढे

"गडद लालच्या पुढे काय असतं?"

नव्या वर्षात दुकान नुकतंच उघडलं होतं. रंगाच्या डब्यांमागून एक डोकं वर आलं. "पुढे? पुढे चहावाला. रंगच हवा असेल, तर... तपकिरी."

तिला हसू आलं नाही. तिने पर्समधून शेडकार्डाचा तुकडा काढला. "हा गेल्या वर्षी वापरला. याहून गरम हवाय."

"गरम?"

मग तिला सगळं सांगावं लागलं. ती हवामानाच्या वेधशाळेत नोकरीला होती. तिथल्या व्हरांड्याच्या भिंतीवर दर वर्षाचा एक उभा पट्टा होता. थंड वर्ष निळं, उष्ण वर्ष लाल. एका टोकाला निळाई, मग केशरी आणि शेवटी नुसता लालच लाल. वर्ष सरलं की सरासरी काढून पट्टा रंगवायचं काम सगळ्यांत धाकटीचं, म्हणजे तिचं. आणि या वेळी शेडकार्डच संपलं होतं.

ऐकता ऐकता त्याचे हात थांबले. मग त्याने लाल रंगात काळ्याचे दोन थेंब टाकले, ढवळलं आणि पुठ्ठ्यावर एक फटकारा मारला.

"फिकट आहे," ती म्हणाली.

"ओला आहे, मॅडम. वाळला की गडद होतो. ओल्या रंगावर मत द्यायचं नसतं."

"वाळायला किती वेळ?"

"एक चहा."

गल्ल्यावरून दुकानमालक खाकरले. "भाचेबुवा, गिऱ्हाईक आहे की पाहुणी?"

"मामा, तुम्ही पेपर वाचा!"

थंडीचे दिवस, तरी डोक्यावर पंखा गरगरत होता. चहा पिताना ती त्या पंख्याकडेच बघत बसली... आणि तो तिच्याकडे.

तो रंग जमला नाही. पुढचाही नाही. तिसऱ्यांदा मात्र ती वाळलेल्या पुठ्ठ्याकडे बघतच राहिली. "हाच," ती हळूच म्हणाली. कुणाची ओळख पटवावी तशी.

पट्टा रंगवायला तोही आला. चिकटपट्टी सरळ लागली पाहिजे, हे निमित्त. शेवटचा हात मारून तो बाजूला सरकला, तर खांदा दाराच्या चौकटीला लागला.

"पुढच्या वर्षी कुठे रंगवणार? इथे तर दार आलं."

"मीही त्याच दाराने बाहेर पडणारेय." तिने ब्रश पाण्यात बुडवला. पाणी लाल झालं. "नोकरी सोडतेय. एका बँकेत आकडेमोडीचं काम मिळालंय, दुसऱ्या शहरात. तिथे आकडा चढला की लोक टाळ्या वाजवतात."

त्याने चिकटपट्टी सोलून गुंडाळली. "सगळं ठीक होईल, असं म्हणू का?"

"नको. मी आकडे पाहिलेत."

"मग नाही म्हणत."

तिला त्याचं हे वागणं आवडलं. म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

दोन दिवसांनी ती टेबल आवरायला आली, तेव्हा खरवडल्याचा आवाज येत होता. दाराच्या पलीकडे व्हरांडा तसाच पुढे जात होता. ओल आलेली, पोपडे धरलेली भिंत. तिच्याकडे कधी कुणी पाहिलंच नव्हतं. पोपडे काढून, भेगा बुजवून तो भिंतीला रंगाआधीचा पांढरा प्रायमर मारत होता. केसांत, भुवयांवर भुगा.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणीच नाही. मामा तर शिव्या घालतायत."

"अहो, इथे कुठला रंग येणार, ते मला आजच माहीत आहे!"

"मला नाही माहीत. पण भिंत तयार नसेल तर कुठलाच टिकत नाही. निळासुद्धा."

"निळा माझ्या हयातीत येणार नाही."

"बरं. मग... जरासा कमी लाल?"

खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने मनातल्या मनात हिशेब केला, पुन्हा केला. "तेवढा येऊ शकतो. सगळ्यांनी ठरवलं तर. शक्यता फार कमी आहे. पण... शून्य नाही."

"मला तेवढी पुरते." त्याने रोलर खाली ठेवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या बाबतीतही मी तेवढ्यावरच चाललोय."

तिने मागे वळून पाहिलं. चौकटीच्या अलीकडचा लाल तसाच होता, वाळून आणखी गडद झालेला. तिने पलीकडच्या पांढऱ्याला बोट लावलं.

"मग?" त्याने विचारलं. "काय मत आहे?"

तिने खांद्यावरची पिशवी उतरवली, प्रायमरचा रिकामा डबा उपडा केला आणि त्यावर बसली.

"ओल्या रंगावर मी मत देत नाही," ती म्हणाली. "चहा सांग."