देवकीची नक्कल

महालातल्या घराची भिंत त्या वर्षी ओलीनं फुगली आणि देवकीच्या चित्राच्या कडेला बुरशी धरली, तेव्हा कुसुमताईंचा जीव खालीवर झाला. मुलगी तापात गेली, त्याला काही वर्षं झाली होती. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. नवऱ्यानं, गोपाळरावांनी, हौसेनं रंगवलेलं हे एकच तैलचित्र होतं. पिवळ्या झग्यातली देवकी पायरीवर बसून हसते आहे.

सीताबर्डीवरचे मधुसूदन फोटोवाले चित्राचा फोटो काढून कॅनव्हासवर छापून देतात, असं कळलं. कुसुमताई चित्र घेऊन गेल्या. नक्कल घरात असली म्हणजे पोर दुसऱ्यांदा जायची नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं.

ठरल्या दिवशी गेल्या, तर नक्कल विकली गेली होती.

"दुकानाच्या काचेत वाळत ठेवली होती, ताई," मधुसूदन ओशाळून म्हणाले. "धरमपेठच्या पुष्पलताबाई हटूनच बसल्या. घरी मूलबाळ नाही त्यांच्या. टाळावं म्हणून मी भलतीच किंमत सांगितली, तर तेवढीही दिली. तुम्हाले दुसरी काढून देतो न."

दुसरी निघाली, तिच्यात नुसती पायरी होती. पुन्हा छापली, तरी तेच. मधुसूदन यांनी निगेटिव्ह उजेडासमोर धरून पाहिली, तर तिच्यातही पायरीच होती.

"छापील कापडाले एवढे पैसे कोन देते वं?" चित्र पुन्हा खिळ्याला टांगताना गोपाळराव म्हणाले. "आपल्याजवळ असली हाये न. बस झालं."

पण असली चित्र फिकं पडू लागलं. आधी झग्याचा पिवळा रंग गेला. गोपाळरावांनी ओलीला दोष दिला, चित्र कोरड्या खोलीत हलवलं. मग हसू गेलं. ते पुन्हा रंगवायला म्हणून ब्रश घेऊन बसले आणि हात तसाच थांबला.

"कुसुम, तिच्या कोन्या गालावर खळी पडे?"

कुसुमताईंना आठवेना. पोरीचा आवाज कसा होता, तेही आठवेना.

चित्रात नुसती पायरी उरली, त्या दुपारी कुसुमताईंनी ते चादरीत गुंडाळलं, सायकलरिक्षा केली आणि पत्ता विचारत धरमपेठ गाठली.

पुष्पलताबाईंनी दार अर्धंच उघडलं. त्यांची बोटं खोबरेल तेलानं माखलेली होती. खांद्यावर लाल रिबीन लोंबत होती.

"हे घ्या, असली चित्र हाये," कुसुमताई म्हणाल्या. "छापील तेवढं मले द्या. पाया पडते तुमच्या."

पुष्पलताबाईंनी गुंडाळीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"छापील चित्राला एवढे पैसे दिले म्हणून लोक मला हसले," त्या हळूच म्हणाल्या. "मला ते स्वस्तात पडलं, बाई. आता नाही देता यायचं."

"माही पोर हाये हो ते!"

आत फरशीवर पावलं वाजली. पडदा हलला.

"आई, कोन आलं वं?"

तोच आवाज. महालातल्या गल्लीतला, थोडा घोगरा.

हाक मारायला कुसुमताईंनी तोंड उघडलं.

नाव येईना.

"कोणी नाही गं," पुष्पलताबाई मागे वळून म्हणाल्या. "चुकून आल्या आहेत."

पडदा थोडा बाजूला झाला.

"मंग हे बाई काहून रडून राहिली?"