बुरुजावरची थाळी

शिरगावच्या किल्ल्यात त्या रविवारी सकाळी 'आपला किल्ला, आपल्या आठवणी' असा कार्यक्रम होता. जमुनाबाईंनी नातीसाठी एकच काम अंगावर घेतलं होतं: माळ्यावरची काशाची थाळी किल्ल्यापर्यंत पोचवायची. वाजवायची नाही.

"बघा, फोटो काढा. पन मी हात लावनार नाय."

"हात न लावता नेशील कशी, आजी?" दीपिका हसली.

"जास्त शानी नको होऊ, बाय."

जानेवारी होता. समुद्रावरून असं धुकं चढलं होतं की सुरूची झाडं चार पावलांवर विरघळत होती. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास तेवढा धुक्यातून वाट काढत येत होता. पदराखाली थाळी धरून जमुनाबाई चालत होत्या आणि पावलागणिक जुने दिवस अंगाला चिकटत होते.

काय दिवस होते ते! होड्यांवर यंत्र नाही, फोन नाही. असं धुकं पडलं की गावातल्या बाया थाळ्या घेऊन बुरुजावर चढत. किटलीत काळा चहा, तोंडी एकमेकींच्या नवऱ्यांची उणीदुणी, आणि हात चालू. प्रत्येक घराचा ठोका वेगळा. जमुनाबाईंच्या घरचा दोन, जरा दम, मग एक. होडीतला माणूस वल्हं फळीवर आपटून उलटा जबाब देई. एक, जरा दम, मग दोन. त्या आवाजाच्या रोखाने होडी घरी येई. नियम एकच, पण कडक: जबाब आला की होडीचा तळ वाळूला घासेपर्यंत थाळी थांबवायची नाही.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी जमुनाबाईंनी ती थांबवली होती.

नवऱ्याची, शांतारामची, होडी जवळ आली होती, जबाब स्वच्छ येत होता. बुरुजाखाली टोपलीत निजवलेला त्यांचा सहा महिन्यांचा लेक प्रफुल्ल रडून रडून निळा पडला. त्या खाली उतरल्या. दूध पाजायला लागतो तेवढाच वेळ. परत वर गेल्या तेव्हा समुद्र गप्प होता. होडी आली नाही, फळीचा तुकडाही आला नाही. गावात कोणी काही बोललं असतं तर जमुनाबाईंनी त्याचं तोंड फोडलं असतं. कोणीच बोललं नाही, म्हणून इतकी वर्षं त्या स्वतःच स्वतःला ऐकवत आल्या.

किल्ल्यात शंभरेक माणसं जमली होती. कार्यक्रम घडवून आणणारा पालघरचा मेहुल माइकवरून सूचना देत होता. तारपा वाजवायला जव्हारकडून आलेला म्हातारा जिवल्या कोपऱ्यात उन्हाची वाट बघत बसला होता.

दीपिका बुरुजावर चढली, थाळी उचलली आणि दांडक्याने दणादणा बडवू लागली.

जमुनाबाई खालूनच ओरडल्या. "अगं ए! वरात काढलीस काय कोनाची?" गुडघे दुखत असताना त्या पायऱ्या चढल्या आणि दांडका हिसकावून घेतला. "असं नाय. असं."

दोन. दम. एक.

हाताला सगळं आठवत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या, आणि धुक्यात, लांब, पाण्याच्या बाजूने...

टक... टक टक.

जमुनाबाईंचा दांडका हवेतच राहिला. मग त्यांनी पुन्हा ठोका दिला. जबाब आला. जरासा जवळून.

"वा, आजी!" मेहुल खालून म्हणाला. "बस आता. पुढे तारपा नाच आहे."

थाळी चालूच होती.

"आजी, उतर ना," दीपिका कुजबुजली. "लोक खोळंबलेत..."

"खोळंबू दे. माजा मानूस येतोय."

दीपिकाने मेहुलकडे बघितलं. मेहुलने माइक जिवल्याकडे सरकवला, पण म्हाताऱ्याने तारपा मांडीवर आडवा ठेवला होता. तो कान देऊन ऐकत होता.

"मावशे," तो खालूनच हळू म्हणाला, "थांबू नको. ऐकू येतंय..."

खांदा पेटला. बोटं वळेनात. आवाज मात्र जवळ येत गेला. सुरूच्या रांगेपलीकडे, वाळूच्या कडेला. आणि मग सगळ्या शंभर माणसांनी ऐकलं: वाळूवर लाकूड घासल्याचा लांबलचक, जड आवाज. खर्रर्र...

जमुनाबाईंनी दांडका खाली ठेवला.

धुकं फाटलं तेव्हा किनारा मोकळा होता. ओहोटी लागली होती. पाण्यापासून कोरड्या वाळूपर्यंत होडीच्या तळाने ओढलेला एक खोल चर तेवढा होता. होडी नव्हती. "कोणीतरी ओढून नेली असेल," मेहुल म्हणाला.

जमुनाबाई घरी आल्या त्या हलक्या होऊन. कित्येक वर्षांनी त्यांनी गुणगुणत भाकऱ्या थापल्या. प्रफुल्ल बोईसरहून रातपाळी करून आला होता आणि आतल्या खोलीत लाकडी पलंगावर गाढ झोपला होता. कारखान्यातला माणूस. त्याला त्यांनी समुद्रावर कधी जाऊ दिलं नव्हतं. थाळीबद्दल, जबाबाबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

दीपिकाने फोनवर सकाळचं चित्रण लावलं. थाळी वाजत होती. जबाब कुठेच नव्हता. नुसता वारा, आणि एकट्या म्हातारीचे ठोके.

"मी तर ऐकलं होतं," दीपिका पुटपुटली. तिने फोन बंद केला.

टक... टक टक.

"आला बघ, आजी! आहे आवाज!"

"फोन तं बंद केलास ना, बाय..."

दोघी आतल्या खोलीच्या दारात गेल्या. प्रफुल्ल डोळे मिटून उताणा पडला होता. त्याचा उजवा हात पलंगाच्या फळीवर होता आणि बोटांची हाडं फळीवर आपटत होती. एक, जरा दम, मग दोन. खोलीत खारा, ओला वास भरला होता.

"बाबा!" दीपिकाने त्याला गदगदा हलवलं. तो हलला, पण उठला नाही.

आज सकाळी आपण लेकरासाठी बुरुजावरून उतरलो नाही, ते जमुनाबाईंना तेव्हा कळलं. त्या वेळी लेकरासाठी त्यांनी नवऱ्याचा ठोका सोडला होता. आज नवऱ्याला किनाऱ्याला लावलं, आणि लेकरू पाण्यात राहिलं.

"थाळी आन," त्या म्हणाल्या. "आन, उभी काय ऱ्हायलीस!"

सुजलेल्या हातात दांडका धरून त्या लेकाच्या उशाशी उभ्या राहिल्या. डावा हात त्यांनी त्याच्या कपाळावर घट्ट दाबून धरला. दोन. दम. एक.

जबाब आला. पुन्हा ठोका, पुन्हा जबाब. दुपार कलली, दारात शेजारी जमले, दीपिका रडून रडून थकली. थाळी थांबली नाही.

प्रफुल्ल त्यांच्या हाताखाली होता, वीतभर अंतरावर. त्याची बोटं त्याच जोराने फळीवर आपटत होती. आवाज मात्र दर खेपेला जरा आणखी लांबून येत होता.