हृषीची गाडी

"हे बिघडलंय," म्हणत मैथिली मोकाशींनी हातातला गेमिंग कन्सोल डॉ. तस्नीम मुजावर यांच्या टेबलावर ठेवला. "हृषी जिंकायला लागलाय."

फोन केव्हाच चष्म्याच्या काडीत जाऊन बसला होता, तरी बटणांचे हे ठोकळे टिकून होते. काचेला बोट लागल्याचं तेवढं कळतं. बटणाला अंगठ्याचा दाब, घाई, चलबिचल सगळं कळतं. अक्षराला असतं तसं प्रत्येकाच्या खेळालाही वळण असतं. मिरजेच्या या प्रयोगशाळेने त्याला 'अंगठावळण' म्हटलं होतं. माणूस वर्षभर खेळला की कन्सोल हुबेहूब त्याच्यासारखा खेळू लागे, आणि माणूस गेल्यावरही खेळत राही.

मैथिलीताईंचा धाकटा भाऊ हृषी जाऊन तीन वर्षं झाली होती. रोज दुपारच्या चहानंतर त्या त्याच्याशी गाड्यांची शर्यत लावत. दिवसातला तेवढाच वेळ त्यांना घर रिकामं वाटत नसे.

डॉक्टरांनी नोंदी तपासल्या. "ताई, हे 'परत' बटण तुम्ही चार हजार वेळा दाबलंय!"

"मग काय करू? पुलाच्या वळणावर दरवेळी गाडी नदीत घालायचा गाढव. मी 'परत' दाबून गाडी पुलाच्या अलीकडे आणायचे, डाव परत द्यायचे. लहानपणापासून तो आमच्यात कच्चं लिंबू. त्याला आउट करायचं नसतं."

डॉक्टरांना हसू आलं आणि वाईटही वाटलं. यंत्राला कच्चं लिंबू कुठून ठाऊक असणार? 'परत' म्हणजे 'ही चाल त्याची नव्हे', एवढंच ते शिकतं.

"तुम्ही त्याच्या चुका माफ करत गेलात ताई, आणि यंत्र त्या पुसत गेलं."

मैथिलीताईंचा चेहरा उतरला. "मग आणा की माघारी!"

"मूळ नोंद उरली नाही. एक होईल. तो नीट वळला की 'परत' दाबा, यंत्र पुन्हा चुकायला शिकेल. पण ती चूक हृषीची नसेल. तुम्हाला आठवते तशी असेल."

"असू दे. तेवढा तरी मिळेल."

तीन दुपारी त्या प्रयोगशाळेतच बसून खेळल्या. हृषी पुलावरून सफाईने निघून जाई, त्या 'परत' दाबत. तिसऱ्या दिवशी गाडी डगमगली, कठडा तोडून थेट नदीत गेली.

"पडला! डॉक्टर, पडला बघा माझा हृषी!" त्या हसत होत्या, डोळे वाहत होते.

डॉक्टर धावत आल्या. पडद्यावर गाडी पुलाच्या अलीकडे सुखरूप उभी होती. मैथिलीताई 'परत' बटणावर सवयीने गेलेल्या आपल्या अंगठ्याकडे बघत होत्या.