आजोबांचा ‘येतो’ आणि अडून बसलेली गाडी

सारथी नावाची ती गाडी चालकाशिवाय चालायची. घाटातली वळणं लीलया घ्यायची, रस्त्यात म्हैस बसली असेल तर ती उठेपर्यंत शहाण्यासारखी थांबायची. धामणवाडीतल्या कॉलेजच्या पोरांना ती रोज तालुक्याला पोचवत होती. पण शलाकाचे आजोबा आत बसले, की तिचं काय बिनसायचं कोण जाणे! जागची ढिम्म हलायची नाही.

“म्हातारा माणूस नकोसा झालाय तिला,” असं म्हणून आजोबा हसायचे. शलाकाला मात्र हसू येत नव्हतं. आजोबांची नजर अधू होत चालली होती आणि उपचारांसाठी त्यांना दर आठवड्याला तालुक्याला जावं लागणार होतं. गाडी नेणार नसेल, तर त्यांनी शहरात काकाकडे राहायला जायचं, असं घरात ठरलंही होतं. आजोबांशिवाय घर! नुसत्या विचारानेच तिला रडू फुटायचं.

ही गाडी घडवणारी शास्त्रज्ञ होती विभाआत्या, म्हणजे आजोबांचीच मुलगी. ती कारखान्यातून धावत आली. तिने गाडीचे संवेदक (म्हणजे यंत्राचे कान-डोळे) तपासले, बॅटरी तपासली. सगळं ठणठणीत!

“आमच्याकडे ही एकदाही अडली नाही,” आत्या वैतागून म्हणाली.

“आज मी आजोबांच्या शेजारी बसते,” शलाका म्हणाली.

आजी दारात उभी होती. “डबा घेतलात ना? सांभाळून हं.”

“घेतला. बरं, येतो गं!” आजोबांनी हात हलवला.

तेवढ्यात समोरच्या पडद्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं उमटली. शलाकाने पडद्याला नाक लावून वाचलं, ‘प्रवासी येत आहे. प्रतीक्षा.’

“आत्या, ही कुणाची तरी वाट बघतेय! कोण यायचंय?”

“कुणीच नाही.”

शलाका विचारात पडली आणि एकदम ओरडली, “आजोबा, आत्ता तुम्ही काय म्हणालात?”

“येतो म्हणालो.”

“पण तुम्ही तर जाताय!”

“अगं, घरातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, बाळ. ‘येतो’ म्हणावं.”

आत्याने कपाळावर हात मारला. “म्हणजे ‘येतो’ ऐकून, कुणीतरी यायचंय असं समजून ही थांबते! पोरं ‘बाय’ म्हणतात! आणि कारखान्यात आम्हाला निरोप द्यायला दारात असतंच कोण?”

“मग चूक आजोबांची की गाडीची?”

“माझी,” आत्या म्हणाली. “यंत्र नुसतं हुशार असून भागत नाही. त्यात वापरसुलभता (म्हणजे कुणालाही ते विनासायास वापरता येणं) हवी. माणसाने यंत्राची बोली घोकायची नसते, यंत्राला माणसाची कळायला हवी. आणि ते अडलंच, तर का अडलं हे त्याने समोरच्याला समजेल असं सांगायला हवं. ही बया सांगत होती, पण मुंगीच्या अक्षरांत, आणि तेही माझ्या बाबांना!”

“आणि ‘थांब’चं बटणही त्यांना सापडत नाही,” शलाका म्हणाली. “पडदा सगळा गुळगुळीत. आजीच्या मिक्सरची खुंटी कशी, न बघताही हाताला लागते.”

आत्या लगेच बाह्या सरसावून कामाला लागली.

पुढच्या आठवड्यात आजोबा पुन्हा गाडीत बसले. हाताशी आता चांगली जाडजूड खुंटी होती. ती चाचपून त्यांनी दाराकडे पाहिलं. “येतो गं!”

“निघूया,” गाडी मोठ्याने म्हणाली. “काम झालं की घरीही आणून सोडते.”

“परतीचं तिला कुणी सांगितलं?” शलाकाने विचारलं.

“बाबांनीच की!” आत्या म्हणाली. “जातो म्हटलं की एकच वाट. येतो म्हटलं की जायची आणि यायची, दोन्ही. आता गावोगावच्या गाड्यांना हे शिकवणार आहे मी.”

संध्याकाळी गाडी अंगणात येऊन उभी राहिली. शलाका धावत जाऊन आजोबांना बिलगली.

“रडतेस काय वेडे?” आजोबा म्हणाले. “येतो म्हणून गेलो होतो ना!”