कडूलिंबाचा लेप

पाट्यावर कडूलिंबाचा पाला वाटून झाला, तसा बायनाबाईंनी तो हिरवागार गोळा तळहातावर घेतला आणि सुनेसमोर उभं राहून त्या एवढंच म्हणाल्या, "पदर सार."

सवितानं लेकीला छातीशी घट्ट धरलं! मांडीवर सव्वादोन वर्षांची ज्ञानेश्वरी पीत होती, तिची इवली बोटं आईच्या मंगळसूत्राशी खेळत होती आणि सासू तो लेप घेऊन उभी... वालूरच्या त्या घरात बायनाबाईंचा शब्द मोडायची त्यांच्या लेकाची, परमेश्वरचीसुद्धा टाप नव्हती, मग सुनेची काय कथा!

"आत्याबाई, अजून थोडे दिस..."

"येक दिस बी न्हाई! दोन वर्सांच्या वर दूध नासतं. लेकराच्या पोटात इख घालायलीस तू. पाजशील तर माझ्या गळ्याची आन हाय तुला!"

लेप लागला. ज्ञानेश्वरीनं सवयीनं तोंड लावलं आणि ती झटक्यात मागे सरली. पोर आधी रडलीच नाही, नुसती आईकडे बघत राहिली... आपल्याच आईनं आपल्याला फसवलं, हे त्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं! मग तिनं असा टाहो फोडला की शेजारची सुमनबाई कणकेच्या हातानं धावत आली.

रोज सकाळी बायनाबाई नवा लेप लावत राहिल्या. सविताची छाती दगडासारखी झाली, अंगात कणकण भरली, पण तिनं शपथ मोडली नाही. न्हाणीत जाऊन ती दूध पिळून टाकायची आणि पदर तोंडात कोंबून रडायची. लेक मात्र भाताच्या घासालाही तोंड लावेना. पाचव्या दिवशी तिला हगवण लागली, उलट्या सुरू झाल्या आणि दुपारपर्यंत डोळे पार खोल गेले.

"चोरून पाजलंस न्हवं?" बायनाबाई कडाडल्या.

"देवाशपत न्हाई हो, आत्याबाई!"

"पाजल्याबिगर असं हुईलच कसं?" त्यांचे हात लटलट कापत होते. सविताला तो राग वाटला. ते भय आहे, हे तिला बिचारीला कसं कळावं!

परमेश्वरनं जीप केली. पाथरीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली, सलाईन लावलं आणि विचारलं, "अंगावर पिते का?"

"पीत हुती... पाच दिस झाले, तोडलं," सविता पुटपुटली.

"का तोडलं?"

उत्तर बायनाबाईंनी दिलं. "नासलेलं दूध हुतं, बाई. दोन वर्सांच्या वरचं."

डॉक्टरीणबाईंनी जोरात मान हलवली. "आजी, आईचं दूध असं नासत नाही हो! दोन वर्षांनंतरही त्यात रोगाशी झगडायचं बळ असतं. पिणारं लेकरू आजारी पडतच नाही असं नाही, पण त्याला आधार असतो. आणि हगवण लागल्यावर तर दूध मुळीच तोडू नये!"

बायनाबाई पुढे सरकल्या. "हगवण लागल्यावर बी... तोडायचं नसतंय?"

"नाही, आजी."

"मग माझा योगीराज...!"

सवितानं चमकून सासूकडे पाहिलं. सहा वर्षांच्या संसारात हे नाव घरात कुणी काढलंच नव्हतं. दाराशी उभा असलेला परमेश्वरही आत आला. आपल्याला थोरला भाऊ होता, हे त्याला आज कळत होतं!

"अडीच वर्साचा हुता," बायनाबाई भिंतीकडे बघत बोलू लागल्या. "हगवण लागली. बाया म्हनल्या, तुझं दूध नासलंय, तेच बाधलंय. मी ह्याच हातानं पाला वाटला. पदराला लोंबकळायचं गं लेकरू... मी ढकलायची. म्हनलं, इख कसं पाजू? तिसऱ्या दिशी गेला. पस्तीस वर्सं मला वाटायलंय, माझ्याच दुधानं त्याला खाल्लं... म्हनून तुला आन घातली. ज्ञानूला वाचवायला निगाले हुते गं मी!"

पाच दिवस मनात साचलेला संताप कुठल्या कुठे विरून गेला. सवितानं सासूचा हात धरला. "तुमाला कुणी सांगितलंच न्हाई हो, आत्याबाई..."

बायनाबाईंनी पदरानं डोळे पुसले. त्यांनी परमेश्वरला बाहेर पाठवलं, नर्सकडून कोमट पाणी मागून आणलं आणि सकाळी लावलेला तो हिरवा लेप आपल्या हातानं धुऊन काढला, हळुवार, पुन्हा पुन्हा. "आन सुटली," त्या म्हणाल्या. "पाज."

सवितानं लेकीला जवळ घेतलं. ज्ञानेश्वरीनं तोंड फिरवलं! पोरीचा विश्वासच उडाला होता. सविताचे डोळे भरून आले. आता काय करावं?

तेव्हा बायनाबाई पुढे झाल्या. ओघळलेला एक थेंब त्यांनी बोटावर घेतला, ज्याला विष म्हणाल्या होत्या तोच थेंब, आणि नातीच्या देखत स्वतःच्या जिभेवर ठेवला.

"बघ माय, ग्वाड हाय..."

पोर टक लावून आजीकडे बघत राहिली आणि मग हळूच आईकडे वळून पिऊ लागली. बायनाबाई मात्र ते बोट तसंच ओठांशी धरून उभ्या होत्या.

"ग्वाड हाय गं सविता... ग्वाडच हुतं!"