तिची खुर्ची

“साफ खोटं!” थिएटरच्या अंधारात ती पुटपुटली. जरा जोरातच.

“अहो, सिनेमा आहे. पंचनामा नाही,” शेजारच्या सीटवरून आवाज आला.

“कादंबरीत ती स्वतः त्याच्या दारात जाते. लग्नाचं स्वतः विचारते. इथे बघा, दाराच्या पडद्याआड उभी!”

“वाट बघण्यातही मजा असते...”

“तुम्हाला असेल!”

दिवे लागले. तो हसत होता. तिला त्याचा रागच आला — आणि त्याच्या गालावरची खळी दुसऱ्यांदा बघितली म्हणून स्वतःचाही.

तिची आत्या वाचनालयात वाचकांची बैठक भरवायची. सध्या वाद याच गोष्टीवर होता: कादंबरीवाले खिडकीकडे, सिनेमावाले दाराकडे. मत बदललं, की आपली खुर्ची उचलायची आणि पलीकडे जायचं. ती स्वतः रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. पुराव्याशिवाय जागची हलायची नाही. पुढच्या बैठकीला दाराकडे बसलेला दिसला — तोच! चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा म्हणे.

मग दर बैठकीला जुंपायची.

“एकदा डोळे तपासून घ्या.”

“आधी तुमचं रक्त. फार गोड बोलता, साखर बघायला हवी.”

बैठक संपायची, पण जिन्यातला वाद संपायचा नाही.

आणि एकदा तो म्हणाला, “ही माझी शेवटची बैठक. दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय.” तिच्याकडे बघून थांबला... तीही थांबली. आता विचारेल, आता विचारेल...

“सिनेमात शेवट सुधारला ते बरं केलं,” एक आजोबा मध्येच म्हणाले. “मुलीच्या जातीनं असं विचारणं शोभतं का?”

“खरंय. जरा थांबावं मुलीनं,” आत्याने मान डोलावली.

तिचे कान तापले. त्या पडद्याआडच्या बाईवर इतके दिवस तोंडसुख घेतलं — आणि आता ती स्वतः काय करत होती?

ती उठली. खुर्ची उचलून दाराकडे निघाली.

“अगंबाई! मत बदललं?”

“तसूभरही नाही, आत्या.” तिने खुर्ची त्याच्या खुर्चीला भिडवली. “माझ्याशी लग्न करशील? लॅब काय, तिथेही असतीलच.”

त्याने चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

“हो,” तो म्हणाला. “कधीचा... हो.”

“हे काही नियमात बसत नाही!” आजोबा गरजले.

“बसतं की. माझं मत बदललंय,” तो म्हणाला, आणि दोन्ही हातांत दोन खुर्च्या घेऊन खिडकीकडे निघाला.

“माझी मी उचलते,” ती म्हणाली, आणि आपली खुर्ची त्याच्या हातातून काढून घेतली.