खाटेची डावी बाजू

लोकेश मास्तरच्या घरात पाऊल टाकलं की आधी जवसाच्या तेलाचा वास यायचा. चटणीसाठी नव्हे, रंगांसाठी. आरमोरीच्या शाळेत बावीस वर्षं चित्रकला शिकवणारा हा माणूस घाण्यावरून तेल आणायचा, बाटलीत भरून उन्हात ठेवायचा आणि तैलरंगाचा विषय निघाला की जेवण विसरायचा. रेम्ब्रांटच्या एका म्हातारीचं छापील चित्र त्याने आपल्या खाटेसमोर टांगलं होतं. त्या काळोखातून वर येणारा चेहरा बघून बघून त्याचं मन भरत नव्हतं.

आणि या उन्हाळ्यात त्याचं नशीब उघडलं. नागपूरच्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी त्याच्या अर्धवट चित्राचा फोटो निवडला गेला. मूळ चित्र सोमवारी पोचवायचं होतं. अख्ख्या मोहल्ल्याला त्याचं दोनदोनदा सांगून झालं.

चित्र बुधरीबाईचं होतं. कुरखेडा रस्त्यावरच्या टोल्यावर, त्या छोट्याशा वस्तीत, अंगणात मोहफुलं वाळत घालून, ती खाटेच्या उजव्या काठावर बसली होती. मधे सरक म्हणून लोकेशने परोपरीने सांगितलं, पण ती जागची हलली नाही. तिचा नवरा, पोचू, वारून आठ वर्षं झाली, तरी त्याची बाजू ती रिकामी ठेवायची. लोकेशला मात्र ती मधोमधच हवी होती. त्याने घरी येऊन कॅनव्हासवर तिला बरोबर मधे बसवलं आणि दोन्हीकडे गडद तपकिरी काळोख भरला. चित्र असं काही उजळलं की त्याने स्वतःचीच पाठ थोपटली.

उजवीकडचा काळोख चार दिवसांत सुकला. डावीकडचा सुकेना. तोच रंग, तेच तेल, तोच ब्रश. तपकिरी सगळ्यांत आधी सुकतो, असं तो स्वतः पोरांना शिकवायचा.

बुधवारी दुपारी खिडकीच्या उजेडात डावीकडे एक फिकट उंचवटा दिसला. नीट पाहिलं तर तो गुडघा होता.

लोकेशच्या अंगावर काटा आला, तो आनंदाचा. थोरांच्या चित्रांत असंच होतं! शेकडो वर्षांनी तेलाचा थर पारदर्शक होतो आणि चित्रकाराने झाकलेली आकृती खालून वर येते. पुस्तकात वाचलेली गोष्ट आज आपल्याच घरात! तो खोलीभर फेऱ्या मारत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, या रंगाखाली काहीच झाकलेलं नव्हतं. खाली नुसता पांढरा थर होता.

टर्पेंटाइनच्या चिंधीने त्याने तो भाग पार पांढऱ्यापर्यंत पुसला आणि नव्याने रंगवला. दुसऱ्या दिवशी गुडघा परत आला. त्यावर आता एक हात होता.

चहा घेऊन आलेली उर्वशी, त्याची बायको, चित्रापाशी थबकली.

"बाईच्या बाजूले कोणाले बसवून राह्यले?"

शनिवारी तो टोल्यावर गेला. बुधरीबाईने मोबाइलवर चित्र पाहिलं.

"मले मधात बसवलं तुम्ही," ती म्हणाली. मग फोन परत देत हळूच म्हणाली, "जागा नाई भेटली, तं कुठीतरी बसनच न तो."

उपाय उघड होता. तिला काठाला सरकवायचं. पण त्यासाठी तो चेहरा खरवडावा लागला असता, आणि असा चेहरा जन्मात एकदाच उतरतो. लोकेशचं मन होईना. घरी येऊन त्याने डावीकडे तपकिरीचा आणखी एक जाड थर चढवला.

रविवारी तो थर खडखडीत सुकला होता. बोट फिरवलं, काही लागलं नाही. गुडघा नाही, हात नाही. हवा होता तस्साच काळोख.

लोकेश आनंदाने नाचायचाच बाकी होता. गाडी ठरवली, बांधायला चादर काढली. बांधण्याआधी एकदा डोळे भरून पाहावं म्हणून चित्र भिंतीला टेकवलं आणि तो आपल्या खाटेवर मधोमध बसला.

बुधरीबाई काळोखातून वर येत होती. त्याचे डोळे पाणावले.

जवसाच्या वासात मोहफुलांचा वास मिसळला.

खाटेच्या डाव्या बाजूची सुतळी करकरली आणि सावकाश खाली गेली.

लोकेशने चित्रावरची नजर हलवली नाही. तो फक्त उजवीकडे सरकला आणि काठावर बसला.